प्रेमिलाबाईची खाट

प्रेमिलाबाई डोक्यावर खाट घेऊन रस्त्याने निघाली की आमच्या गावातल्या बायका पोरांना घरात ओढायच्या. खाट कुणाच्या दारात उतरते ते फटीतून बघायच्या, आणि आपल्या दारात नाही उतरली की देवाला हात जोडायच्या. त्या खाटेवर पडलेलं माणूस पुन्हा उठत नाही, असा गावाचा पक्का समज होता. समज तसा खोटाही नव्हता. डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांसाठीच ती खाट जायची. त्यातून उठणार कोण? पण एवढी साधी गोष्ट गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या या गावाच्या डोक्यात कधी शिरली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, तरी माझ्याही शिरली नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

प्रेमिलाबाई म्हणजे गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. मूळची सालेकशाकडची. तरुणपणी मिशनच्या एका दवाखान्यात आया होती. नवरा रामलाल आमच्या गावचा; तो गेल्यावरही ती इथेच राहिली. मूलबाळ नाही. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी, निंदण, कापणी करायची. रविवारी सकाळच्या एसटीने गोंदियाला चर्चमध्ये जायची, त्या दिवशी तिच्या अंगावर निळं सुती लुगडं असायचं, आणि दुपारी मुरमुऱ्याची पुडी घेऊन परत यायची. उंचीने इतकी ठेंगणी की डोक्यावर खाट असली की खाटेला पाय फुटलेत असं वाटायचं.

गावात कुणी अंथरुणाला खिळलं की संध्याकाळी कामावरून आल्यावर ती त्या घरी जायची. कुणी बोलावलं म्हणून नाही. बोलावतच नव्हतं कुणी. आधी गरम पाणी मागायची आणि रोग्याचे पाय धुवायची. मग बाकीचं अंग, मग कपडे, मग कूस बदलणं. मग बसून राहायची. चहा घ्यायची, तोही साखर जास्त घालून मागून. दुसरं काही कधी घेतलं नाही.

"धर्म बदलवाले येते थे," म्हणजे ती धर्म बदलायला येते, असं पारावर बसणारे म्हणायचे. मला त्या पारावरच्या लोकांचा मनस्वी राग येतो. स्वतःच्या आईचं गू-मूत काढायला यांचे हात धजत नाहीत, आणि जी काढते तिच्या धर्माची चौकशी करायला तोंड मात्र मोकळं. सोळा वर्षांत तिने गावातलं एकही माणूस बाटवलं नाही. उलट शेवटच्या घडीला घरची माणसं भांबावली की तीच आठवण करून द्यायची, "तुरशीचं पान ठेवा ना जी तोंडात, म्हातारी वाट पाहून राहिली." आणि मग आपण कोपऱ्यात जाऊन तोंडातल्या तोंडात तिच्या प्रभूशी बोलायची.

खाटेची गोष्ट आमच्याच घरात सुरू होते. माझ्या सासऱ्यांची आई, मुन्नीबाई, चौदा वर्षांपूर्वी वारली. मी तेव्हा नवी नवरी होते. आमच्याकडे माणूस ज्या खाटेवर पडून होता ती खाट अंगणात उलटी ठेवतात आणि नंतर नाल्याकडे टाकून देतात. शेवटच्या क्षणी माणसाला भुईवर घेतलं असलं तरी खाट बाटलेलीच. मुन्नीबाईची खाट सागाची होती, दणकट. ती नाल्याकडे गेली आणि चौथ्या दिवशी प्रेमिलाबाईने उचलून आणली. सोबत टाकलेली म्हातारीची लुगडीही आणली. खाट घासली, चार दिवस उन्हात ठेवली. लुगडी उकळली, त्यांच्या पट्ट्या फाडल्या, पट्ट्यांना पीळ दिला आणि त्या मऊ दोरीने खाट नव्याने विणली. मध्ये हातभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे खाली भांडं ठेवलं की रोग्याला उठवायला नको. ही विद्या तिच्या दवाखान्यातली. शिवाय कुणाच्या पाठीला जखम झाली असेल तर ती दोऱ्या सरकवून ती मोकळी जागा नेमकी जखमेखाली आणायची, म्हणजे जखम कशालाच टेकायची नाही.

पुढे जो जो त्या खाटेवर गेला त्याच्या धोतरा-लुगड्याच्या पट्ट्या ती खाटेत विणत गेली. जुनी दोरी झिजली की तिथे नवी. आणि खाट कुणाकडे नसली की स्वतः तिच्यावर झोपायची.

आता माझे सासरे. केवलराम पाटील. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. चौदा एकर धानाची बांधी, दारात ट्रॅक्टर, आवाज असा की शेवटच्या बांधीतला मजूर वळून बघायचा. लग्नकार्यात लोक जमले की त्यांची एक ठरलेली गोष्ट असायची: आपण पोवार, आपले पूर्वज माळव्याहून तलवारी घेऊन आले, आपल्या रक्तात मरणाचं भय नाही. लोक माना डोलवायचे. आणि मी स्वयंपाकघरात दात ओठ खायची, कारण या तलवारवाल्यांच्या वंशजाने जन्मात एकाही मयतीला खांदा दिला नव्हता. कुणी गेलं की मामाजींची पाठ धरायची, नाहीतर मोटर बिघडायची. नाल्याकडून जाणारी वाट जवळची, तरी ते वळसा घालून शेतावर जायचे. घरात कुणी 'मेला' हा शब्द उच्चारला तरी ताटावरून उठायचे.

त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा ते बांधीत पाणी द्यायला गेले होते. कार्तिक महिना. धान कापणीला आलेलं. त्या दिवसांत बांधीत पाणी कोण देतं? पण घरात हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या दुपारी मुन्नीबाईजवळ माझ्या सासूबाई होत्या, आणि प्रेमिलाबाई होती.

दोन वर्षांपूर्वी, माघात, मामाजी नव्या बाथरूमच्या फरशीवर घसरले. मांडीचं हाड मोडलं. गोंदियात ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी उभं करा. पण ते उभे राहीनात. पाय टेकवला की ओरडायचे, "मले पाडता का? मारता का मले?" महिनाभर असे पडून राहिले आणि कंबरेखाली जखमा झाल्या. आधी लाल, मग काळ्या, मग आत खोल. हवेची गादी आणली. चौथ्या दिवशी धानाच्या कोठीतल्या उंदरांनी ती कुरतडली. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, ओमेशला, बाजूला घेऊन सांगितलं की जखम अशीच वाढली तर विष रक्तात जाईल, मग आमच्या हातात काही नाही.

मामाजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मी ते बघत होते. ओमेशचं मनगट धरून विचारायचे, "मी मरतो का रे?" ओमेश ट्रॅक्टर पुसायला निघून जायचा, बापाचाच लेक. उरले मी. मी जखमा धुवायची, पण कशी, तर नाकाला पदर लावून, मान वळवून. अर्धं मलम चादरीला लागायचं. मी धुते आहे हे मामाजींना दिसायचं, आणि मी बघत नाही हेही दिसायचं.

अशात एका संध्याकाळी फाटकात प्रेमिलाबाई उभी राहिली. डोक्यावर खाट.

सकाळीच मी सातवीच्या वर्गाला अंधश्रद्धा म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. फळ्यावर व्याख्या लिहून दिली होती. आणि आता मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, "आज नको, प्रेमिलाबाई."

"बरं, सूनबाई," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मागून सासूबाई आल्या. सुशिलाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी माझा हात कडीवरून काढला. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. नवी नवरी घरात घेतात तशी त्यांनी खाट घरात घेतली. चारी पायांना हळद-कुंकू लावलं, तांदूळ टाकले, वर पाणी ओवाळलं. प्रेमिलाबाई ते सगळं संपेपर्यंत खाट धरून गुमान उभी होती. शेवटी म्हणाली, "मलेबी लावता का थोडं? मी बी तं हिच्यासंगच आलो." आत्याबाई महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या.

मामाजी मात्र खाट बघून पांढरे पडले. मग जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "मले न्यायले आनली का वो? मायची खाट! काढ! भाईर काढ!"

"राहू द्या पाटील, तुमी नोका झोपू," प्रेमिलाबाई म्हणाली. तिने त्यांच्या दिवाणाशेजारी खाट मांडली, गरम पाणी मागितलं, त्यांचे पाय धुतले, जखमा धुतल्या. मान न वळवता. मी दारातून बघत होते. मग हात धुतले आणि सरळ जाऊन त्या खाटेवर आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली. दिवसभर शेतात लाखोळीचं पीक उपटून आलेली बाई ती, तिला झोप लागायला वेळ लागतो का! अर्ध्या तासाने उठली, चहा प्यायली, गेली.

तीन संध्याकाळी हेच. मामाजी दिवाणावर टक्क जागे, आणि ही त्यांच्या डोळ्यांसमोर मरणाच्या खाटेवर घोरते आहे. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"तुले भेव नाई लागत वो?"

"कायचं जी? बारा वर्सं झाली, घरी असली का रोज हिच्यावरच झोपतो. मले काऊन नाई नेत थे?"

मामाजींनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. मग म्हणाले, "उठ. मले पाहू दे." ओमेशने आणि मी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. प्रेमिलाबाईने खाली वाकून दोऱ्या सरकवल्या आणि जखम मोकळ्या जागेवर आणली. महिन्याभरात पहिल्यांदा मामाजी न कण्हता झोपले.

त्यानंतर ती रोज यायची आणि मी रोज दारात उभी राहून बघायची. एकदा मामाजींनी विचारलं, "तू पायच काऊन धरतेस आधी? मजूरबाईनं पाय धरावे असं का मी पुण्य केलो?"

तेव्हा तिने सांगितलं. रामलाल टीबीने दवाखान्यात पडला होता. तोंडातून रक्त यायचं. ती त्याच दवाखान्यात आया, दुसऱ्या रोग्यांचं सगळं करायची, पण नवऱ्याच्या खाटेजवळ जायला तिचे पाय उचलेनात. वॉर्डाच्या दारातच उभी राहायची. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिच्या हातात गरम पाण्याचं भांडं दिलं. "थे मले म्हने, तोंडाकडे नोको पाहू, पायापासून सुरू कर. पाय काई मरत नाई, पाय पायच राह्यते. मी पायापासून सुरू केलो. तोंडापर्यंत गेलो तवरिक भेव गेलं होतं. मंग थो गेला, माह्या हातात गेला."

पाय पुसता पुसता ती म्हणाली, "आमच्या प्रभूनंबी मराच्या आधी तेच केलं जी. मालक असून चेल्यांचे पाय धुतले. त्यालेबी घाम फुटला होता म्हनते. पन पाय धुवून गेला, पळून नाई गेला."

'पळून' हा शब्द खोलीत पडला आणि मी मामाजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता.

"प्रेमिला," ते भिंतीशीच बोलावं तसं म्हणाले, "मायनं माहं नाव घेतलं होतं का?"

मला वाटलं, आता ती काहीतरी गोड बोलेल. कुणीही बोललं असतं. ती टॉवेल पिळत होती, तो पिळून झाल्यावर म्हणाली, "घेतलं होतं. दोनदा हाक मारली. मी म्हटलो, बोलावतो पाटलाले. तं थे म्हने, नोको बोलावू. त्याले लहानपनापासून भेव लागते. बांधीतच राहू दे त्याले."

मामाजी रडले. आवाज करून, तोंड उघडं टाकून रडले. आत्याबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारात माझ्याशेजारी थबकल्या. प्रेमिलाबाई उठली नाही, समजूतही घातली नाही. ती त्यांच्या पायाला तेल लावत राहिली.

चैत्रात जखमा भरून आल्या. वैशाखात मामाजी वॉकर धरून उभे राहिले. मरणाच्या खाटेवरून उठलेला पहिला माणूस! गावाचा समज मोडला, आणि गावाने लगेच दुसरा घडवला: खाट पावते. एकाने तर गुडघ्यासाठी दोन दिवस मागून नेली. मी शहाणपणा शिकवायचा सोडून दिला.

पण आम्ही सगळे मामाजींकडे बघत होतो तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलं नाही. ती वाळत चालली होती. ज्येष्ठात बांधावरच पडली तेव्हा मी तिला गोंदियाला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर तिलाच झापलं. दिवाळीतच सांगितलं होतं ना बाई, पोटात गाठ आहे म्हणून? दिवाळीत! म्हणजे फाल्गुनात ती आमच्या फाटकात उभी होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी परतीच्या एसटीत तिच्यावर चिडले. भर बसमध्ये ओरडले. "सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी मले काम करू देल्लं असतं का?" ती म्हणाली आणि खिडकीतून कामठ्याच्या बांध्या बघत बसली.

आषाढात तिने अंथरूण धरलं. खाट तिच्या घरी परत गेली. पहिल्या दिवशी मी जाऊन आले आणि घरी सांगितलं की आता ती उठत नाही. मामाजी सपरीत, पुढच्या ओसरीत, बसले होते. त्यांनी ऐकलं, वॉकर ओढला आणि म्हणाले, "मी बांधीत जाऊन येतो. रोवनी चालू आहे." या वेळी निमित्त खरं होतं. रोवणी चालूच होती, पण त्यांचं तिथे काही काम नव्हतं. ओमेश होता, वीस बाया होत्या. मला इतका संताप आला की मी बोलायला तोंड उघडलं, पण आत्याबाईंनी डोळ्यांनी दटावलं. वॉकर टकटक करत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथून डावीकडे बांधी, उजवीकडे प्रेमिलाबाईचं घर. मामाजी त्या टोकावर उभे राहिले. भुरभुर पाऊस होता. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, माझा भात शिजून झाला. मग वॉकर परत आला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पानी गरम कर."

मी बादली घेऊन मागे, ते पुढे. तिच्या घरी प्लास्टिकचं स्टूल होतं, त्याच्यावर बसले. त्यांचा पाय वाकत नव्हता म्हणून तिचे पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. चिखलात आयुष्य गेलेले पाय; टाचा फुटलेल्या, बोटांच्या बेचक्या रोवणीच्या पाण्याने कायमच्या खाल्लेल्या. तिच्या तोंडाकडे मामाजी बघत नव्हते. पाय धुतले, पुसले, तेल लावलं आणि घामाघूम होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी हातही धुतले. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. मी बादली धरून दारात होते.

गावात बोभाटा झाला. केवलराम पाटील मजुरणीचे पाय धुतात! किरिस्ताव झाले म्हणाले कुणी. आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच तिच्यासाठी अंबील करून दिली. अकरा दिवस मामाजी रोज सकाळी जेवून जायचे ते दिवे लागायला परत यायचे. बाकीचं मी आणि शेजारच्या बाया करायचो. ते बसून एका पंख्याने तिच्यावरच्या माशा वारायचे. चौदा एकरांचा धनी, आणि दिवसभर माशा वारतो.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "प्रेमिला, खरं सांग. भेव नाई लागत?"

"दुखते जी. लय दुखते." तिला धाप लागली होती, थांबून थांबून बोलत होती. "भेव नाई. भेव त्याले लागते ज्याचा तिकडे कोनी वळखीचा नाई. माहा वळखीचा आहे. इतक्या जनाचे पाय धुतलो, त्यातले कोनते त्याचे होते थो मले सांगल." मग डोळे मिटून म्हणाली, "पन तुमी हात नोका सोडू."

त्यांनी सोडला नाही. अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती गेली तेव्हाही एका हातात पंखा आणि एका हातात तिचा हात होता. पंखा थांबला म्हणून मला कळलं.

गोंदियाहून पास्टर आणि चर्चची पाच-सहा माणसं जीपने आली. त्यांनी हिंदीत भजन म्हटलं. रामलालच्या शेजारी, तिच्या अर्ध्या एकराच्या टोकाला, तिला पुरलं. मामाजी वॉकर चिखलातून ओढत तिथपर्यंत गेले. मूठभर माती टाकली. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांची ती पहिली मयत.

परत आलो तर सवयीने कुणीतरी तिची खाट अंगणात उलटी करून ठेवली होती. दोघं जण ती नाल्याकडे न्यायला उचलत होते.

"सीधी करा," मामाजी ओरडले. तोच जुना आवाज, शेवटच्या बांधीपर्यंत जाणारा. "माह्या मायची खाट आहे थे. घरी न्या."

आम्ही ती घासली, उन्हात ठेवली. प्रेमिलाबाईचं रविवारचं निळं लुगडं मामाजींनी स्वतः फाडलं. पीळ देताना ते रडत होते आणि मीही रडत होते, लपवायचं कारण नव्हतं. खाटेच्या मधोमध, मोकळ्या जागेच्या कडेने, त्या निळ्या दोरीचे दोन वेढे आहेत.

त्यानंतर दीड वर्षात खाट गावात पाच घरी गेली. ट्रॅक्टरवर टाकून ओमेश पोचवायचा आणि मागून मामाजी वॉकर टेकत जायचे. गरम पाणी मागायचे. ते किरिस्ताव झाले नाहीत. रोज सकाळी देवाला दिवा लावत होते. फक्त माळव्याच्या तलवारींची गोष्ट त्यांनी पुन्हा कुठल्या लग्नात सांगितली नाही. मी एकदा त्यांना विचारलं, की आता मरणाचं काही वाटत नाही का. म्हणाले, "पयले थे मागं अन् मी पुढं पळत होतो. आता आमी दोघंबी बसून राह्यतो."

या पौषात त्यांच्या छातीत कफ साठला. आठ दिवस दवाखान्यात काढले, नवव्या दिवशी म्हणाले, घरी न्या. सपरीत खाट मांडली, ऊन येईल अशी. स्वतःच्या हाताने चाचपून निळी दोरी कुठे आहे ते बघितलं आणि आडवे झाले. आत्याबाई उशाशी बसल्या. ओमेश अंगणात ट्रॅक्टरजवळ.

आणि मी दारात. इतक्या वर्षांत मी इतक्या वेळा त्या खाटेजवळ गेले, बादल्या वाहिल्या, चादरी धुतल्या, पण कुणी जायला लागलं की माझे पाय दाराच्या आत पडत नाहीत. विज्ञान शिकवते मी. श्वासाची घरघर कशाने होते ते मला माहीत आहे. तरी मी चौकट धरून उभी होते, आणि शाळेला उशीर होतोय हे निमित्त मला मनात सापडलंही होतं.

मामाजींनी डोळे उघडले. मला शोधलं.

"सूनबाई, तिथं काऊन उभी? भेव लागते?"

मी मान हलवली.

"तोंडाकडे नोको पाहू," ते म्हणाले. दम घेतला. "पायापासून सुरू कर."

मी पाणी गरम करायला गेले.